काचेबाहेरचा काटा

बाबा, काल नातवाने नवी गाडी दारात आणली आणि सूनबाई पेटतं निरांजन घेऊन थेट बॉनेटपाशी निघाली. मी ओरडले, "आधी लांब हो!" सगळे बघतच राहिले. जन्मभर शाळेत पोरं हाकली, पण अशी कधी किंचाळले नव्हते. नातू हसून म्हणाला, "अगं आजी, पूजा आहे, सुरुंग नाही." त्याला काय सांगायचं, कपाळ! तुमच्या पाठोपाठ दादाही गेला आता. त्या सकाळची धास्ती ज्याला सांगावी असं तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

कुडाळच्या वाटेवरचं आपलं गॅरेज अजून डोळ्यांपुढे आहे. ती गाडी बेळगावकडच्या शेठची, शर्यतीची. मुंबईला विमानाच्या धावपट्टीवर पळवायची होती आणि चालवणार होता आपला दादा. वेगात तिला पेट्रोल कमी पडायचं, म्हणून तुम्ही नवा पंप बसवलात, आणि पेट्रोल किती दाबाने येतंय ते दिसावं म्हणून काट्याची एक तबकडी. पेट्रोल नळीतून तबकडीच्या पाठीपर्यंत चढेल तेव्हाच काटा हलायचा. तुमचं म्हणणं, ती पुढच्या काचेबाहेर, बॉनेटवर बसवायची, चालवणाऱ्याला समोर दिसेल अशी. "पेट्रोल माणसाच्या पायांत कित्याक हाडूचा?" कशाला आणायचं, असं तुम्ही विचारलंत. शेठना ते पटेना. "तबकडी आत हवी. जमत नसेल तर मी दुसरा मेस्त्री बघतो, आणि चालवणाराही." दादाने तुमच्याकडे असं पाहिलं की तुम्ही हट्ट सोडलात. तबकडी आत बसली. तुम्ही माझ्या डब्यातली रांगोळी मागून घेतलीत आणि नळीच्या जोडावर कोरडीच थापलीत. पेट्रोल झिरपलं तर रांगोळी भिजून कळतं, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. मला आपलं त्याचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर, मोकळ्या कातळावर, गाडी पळवून बघायची होती. दादा आत बसलेला, इंजिन घुमतंय, तुम्ही पुढे बॉनेटमध्ये वाकलेले. आईने मला ताट घेऊन पाठवलं, दादाला ओवाळ आणि गाडीलाही. मी दारापाशी जाते, ताट उचलते, दादा हसून मान पुढे करतो, आणि तुमचा आवाज येतो, "चेडवा, जाळ लांब!" मला कळायच्या आत तुम्ही धावत आलात आणि जळती वात मुठीत घट्ट दाबून धरलीत. ताट पडलं, कुंकू मातीत गेलं. माझ्यावर तुम्ही कधी हात उगारला नव्हता, पण त्या क्षणी मला वाटलं, आता मारताहेत. "बंद कर रे! भायर ये!" दादा उतरला. त्याच्या विजारीचा गुडघा ओला होता. "वास नाय इलो तुका?" तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, "सगळ्या गाडयेक वास येता बाबा. माका वाटला, घाम असात." जोडावरची रांगोळी भिजून काळपट झाली होती आणि तिच्या खाली एक थेंब लोंबत होता. आणखी वीतभर पुढे गेले असते, तर दादाला मीच पेटवलं असतं. हे मला आजही झोपू देत नाही.

तुम्ही लगेच तबकडी काढलीत, ती काचेबाहेर पट्टीवर घट्ट बसवलीत. नळी जिथून वर येते त्या बॉनेटच्या भोकाला रबर लावलंत, म्हणजे हादऱ्याने नळी घासून कापणार नाही. शेठ आले, तेव्हा त्यांना दादाची ओली विजार दाखवलीत. त्यांनी तबकडी बाहेरच राहू दिली. सड्यावर दादा गाडी घेऊन गेला तो काजूंच्या पलीकडे आवाजच येईना. तुम्ही ओल्या वाळूची बादली धरून उभे होता, मी तुमच्या मागे. वारा होता, ऊन होतं, आणि आवाज नव्हता. देवाला काय काय बोलले ते आठवत नाही. गाडी परत आली तेव्हा तुम्ही आधी रांगोळी पाहिलीत. ती कोरडी होती. मग तुम्ही तिथेच कातळावर बसलात. तिथूनच म्हणालात, "आता लाव गो तुझी वात. थंय, झाडाखाली." माझ्याने काडी ओढवेना. तुम्ही ओढलीत, आणि तुमचा हात इतका थरथरत होता की ज्योत वातीला लागेना. आईने विचारलं तर तुम्ही सांगितलंत, "रेडिएटराचो चटको बसलो, म्हणान थरथरता." मी बाजूलाच उभी होते.

काल सगळं शांत झाल्यावर सुनेने निरांजन माझ्याच हातात दिलं. म्हणाली, तुम्हीच ओवाळा, जितकं लांबून वाटेल तितकं लांबून. तेवढ्यात वाऱ्याने ज्योत विझली आणि मी काडी ओढायला गेले. नातू म्हणाला, "आजी, हात किती थरथरतोय तुझा." मी म्हटलं, वय झालं रे.