कोळंबीच्या सॉसचं मीठ

तीर्थरूप आईस, तुझ्या हळदीच्या हातांना नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला जवळजवळ गेलाय, काळजी करू नकोस.

काल खोलीवर कोळंबीसाठी सॉस केला. लोण्यात भरपूर लसूण, लाल मिरची, वरून लिंबू. माझ्यासोबत राहणारी नर्स आठवडाभर धड जेवली नव्हती, म्हणून तिच्यासाठी. मीठ बघायला इतक्यांदा चाखला, की जिभेला झिणझिण्या आल्या आणि चवच कळेना. शेवटी देवावर हवाला ठेवून वाढलं.

तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बोटं चाटायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी श्वास रोखून, ओले हात ओढणीला पुसत दारात उभी होते. अगदी तुझ्यासारखी!

आई गं, अंगावर काटाच आला. तू जन्मात मासा जिभेवर ठेवला नाहीस, तरी तुझा माशाचा रस्सा कधी खारट झाला नाही. मला वाटायचं, तुला वासावरून कळतं. तू तर आमचे चेहरे चाखत होतीस!

परगावाहून दादाचा फोन आला, म्हणाला, बाबा हल्ली कामावरच जेवतात. मग आता दारात उभी राहून तू कुणाकडे बघतेस?

तुझीच,
आधाशी लेक