रेखाची हाक

३ जुलै
आज परत घोळ. करमाडच्या गोदामाचा गाड्यांचा प्लॅन लावत व्हते. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात टुंग, मेल. टुंग, ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस. टुंग, मीटिंग. परत शीटवर आले तर कुठल्या ओळीत व्हते तेच आठवेना. साहेब म्हणले, "मॅडम, ह्या महिन्यात कायम करायचंय तुम्हाला. चुका नको आता."

४ जुलै
शेजारच्या टेबलावरची रेखा म्हणली, "बंद कर की ते सगळे आवाज. अर्जंट काही आलं तर मी हाक मारते." एवढं साधं! देवमाणूस आहे बाई.

९ जुलै
लई शांत. प्लॅन जेवायच्या आधीच तयार. रेखा खरंच हाक मारते, "अगं, जालन्याची गाडी रद्द!" तिच्यासाठी धपाटे नेले. सगळे खाल्ले मेलीनं.

१५ जुलै
गेलं सगळं. गाडी चुकीचा माल घेऊन गेली. माल मागवणाऱ्या पार्टीनं सकाळीच ग्रुपवर बदल कळवला व्हता. मला पत्ताच नाय. आणि खाली रेखाचं उत्तर: "ओके सर, सांगते तिला."
सांगते तिला! दिवसभर माझ्या शेजारी बसून चहा पीत व्हती. गप्पा मारल्या, साडी दाखवली मोबाईलवर. हे तेवढं नाय सांगितलं.
शिपाई मामा म्हणले, कायमची जागा एकच आहे. तुम्ही नायतर रेखाताई. मला आज कळलं. तिला कधी कळलं?

१६ जुलै
विचारलं सरळ. "दोनदा हाक मारली मी. तू मान हलवलीस की." साहेबांसमोर पण तेच. नजरेला नजर नाय दिली. बाकीचे पण म्हणायला लागले, व्हय, ही कामात असली की हिला काय ऐकू येत नाय. बाथरूममधे जाऊन रडले. रागानं जास्त.

१७ जुलै
ह्यांचं म्हणणं, "नसशील ऐकलं. आवाज तूच बंद केला व्हतास ना?" घरचे पण तसलेच. मग मलाच शंका. खरंच मारली असेल का हाक? मी मान हलवली असेल का?
उद्या साहेबांनी दोघींना बोलावलंय.
दुपारी मुद्दाम शीटमधे मान घालून बसले. तिकडून रेखा हळूच म्हणली, "जेवायला येतीस का गं?"
एकेक अक्षर ऐकू आलं. मी मान वर नाय केली. तिनं परत हाक नाय मारली.