चार डब्यांची ड्युटी : निरंक

६ फेब्रुवारी, गुरुवार

पार्सल आलं नाही. पार्सलाऐवजी चिठ्ठी आली. पोस्टमनने ती हातावर अशी ठेवली की जणू माझ्याच घरावर धाड पडलीय. पाइपची तंबाखू, डबे चार, कस्टममध्ये अडवून ठेवले आहेत. ड्युटी भरा आणि घेऊन जा. ड्युटी किती? डब्यांच्या किमतीच्या सव्वातीनपट! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण हा मसाला बारा आण्यांच्याही वर गेला.

ही काही पानाच्या टपरीवरची तंबाखू नव्हे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये होता. सुट्टीवर आला की बॅगेत तळाशी डबे आणि वर दोन शर्ट. तेव्हापासून आम्ही दोघं हीच ओढत आलो. आता तो कारखानाच बंद पडला. समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे शेवटचे चार डबे होते, ते मी शोधून काढले आणि मागवले.

दादा गेल्या वर्षी जिन्यावरून पडला तेव्हापासून आमच्याकडेच आहे, पुढच्या खोलीत. डॉक्टरांनी पाइप बंद केलाय. ओढायचा नाही, पण डबा उघडून वास घ्यायला बंदी नाही. बायको म्हणते, त्यांचा जीव त्या डब्यात अडकलाय. तिला वाढवून बोलायची सवय आहे.

संकल्प : एक छदामही भरणार नाही. मुदत ८ मार्च. चिक्कार वेळ आहे. अठ्ठावीस वर्षं ऑफिसच्या आवक-जावक विभागात काढलीत मी. अर्ज कसा लिहायचा ते मला कोणी शिकवू नये.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७

दादाने विचारलं, पार्सल आलं का. म्हटलं, आलंय, फक्त घरी आलेलं नाही. तो म्हणाला, माझ्या पेन्शनीतून भर की. त्याला नीट समजावलं की प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. तो म्हणाला, बरं, मग ते तत्त्व तरी लवकर घरी आण.

आजारपणात माणूस जरा खवचट होतो.

अर्ज क्रमांक १ तयार. मुद्दा : भेटवस्तू. भेटीवर ड्युटी नाही. देणारा मी, घेणारा दादा. बायको म्हणाली, मागवली तुम्ही, पैसे भरले तुम्ही, राहता दोघं एकाच छपराखाली, मग ही परदेशातून आलेली भेट कशी? हिला कायद्यातले बारकावे कळत नाहीत. भांडणात पडायचं नाही असं ठरवलं. अर्धा तास पडलो.

संकल्प दोन : जुन्या डब्यात चिमूटभर उरलीय ती दादाची. तिला हात लावायचा नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून कस्टम ऑफिसात. खिडकी क्रमांक चार. आत एक जाड भिंगाची बाई. तिने अर्ज घेतला, खालून वर वाचला (मीही तसाच वाचतो, सही आधी बघायची), आणि परत सरकवला. कारण : सही निळ्या शाईत, हवी काळ्या.

खरं सांगायचं तर मनातून दाद दिली. मीसुद्धा तेच केलं असतं. गेल्याच आठवड्यात एका माणसाला मी मार्जिन अर्धा इंच कमी म्हणून परत धाडलं, तो चार तास बस बदलत आला होता. पण तिथे नियमाचा प्रश्न होता. इथे माझा प्रश्न आहे.

पेन मागितलं. ती म्हणाली, पेन देण्याची तरतूद नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काळ्या शाईत परत गेलो. अर्ज फेटाळला. शेरा : ‘देणारा व मागवणारा एकच.’ बायकोला हे सांगायचं नाही.

अर्ज क्रमांक २ चा मुद्दा तिथल्याच जिन्यावर सुचला. स्वतःच्या वापरातल्या जुन्या वस्तूंवर ड्युटी नाही! तंबाखू आम्ही चाळीस वर्षं वापरतोय. म्हणजे ती वापरातलीच.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३

चिमूट ओढली.

ती नाहीतरी वाळत चालली होती. वाळकी तंबाखू डब्याला घाण वास लावते, म्हणजे उद्या दादाचाच हिरमोड. शिवाय लढा चालवायचा तर डोकं शांत लागतं. दादा झोपला होता. खिडकी उघडली होती. कोणाला कळणार नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दादाने डबा मागितला. पंचाईत. स्वयंपाकघरात जाऊन डब्यात दोन चमचे चहापत्ती घातली, रंग साधारण तोच. त्याने डोळे मिटले, डबा नाकाशी धरला, लांब श्वास घेतला. मग डबा माझ्या हातात देऊन म्हणाला, साखर कमी घाल.

बायको दारात उभी होती. मी ऑफिसला लवकर निघालो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अर्ज क्रमांक २ फेटाळला. जाड भिंगाच्या बाईने चष्मा काढून विचारलं की वापरलेली तंबाखू म्हणजे राख ना? राख मागवलीय का तुम्ही? रांगेतले लोक हसले. हसोत. हसतील त्यांचे दात दिसतील.

घरी मेहुणा आला होता, बायकोचा धाकटा भाऊ, टायरचा धंदा करतो. म्हणतो, भावजी, फेका ना पैसे त्यांच्या तोंडावर आणि मोकळे व्हा, मी उद्या गाडी घेऊन येतो. टायर विकणाऱ्याला तत्त्व काय कळणार? त्याला बजावलं की या घरातल्या कोणीही ड्युटी भरली तर मी पाइप कायमचा सोडीन. दादा पुढच्या खोलीतून म्हणाला, तुझा सोड, माझा डबा आण. मेहुणा फार हसला. गरजेपेक्षा जास्त.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बायको चिठ्ठी शोधत होती. पर्स काढून ठेवलेली, चपला दारात. म्हणाली, सहज बघत होते. सहज? मी ओळखून आहे. परस्पर जाऊन भरणार होती. घरातच फितुरी!

चिठ्ठी ऑफिसात नेली. कपाटात, ‘गोपनीय’ फायलीत, कुलपाआड. चिठ्ठीशिवाय ती लोकं पैसे घेत नाहीत. आता बघू कोण भरतंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज क्रमांक ३ : औषध. औषधाला सवलत आहे. फक्त डॉक्टरचा दाखला हवा. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, अहो, मीच ती बंद केलीय, आता मीच लिहून देऊ? म्हटलं, ओढायला नको, हुंगायला द्या, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. त्यांनी माझंच ब्लडप्रेशर तपासलं. फीही घेतली.

मी निघताना डॉक्टर म्हणाले की थोरल्यांना काय हवं ते द्या बरं का, फार ताणू नका. ताणतोय मी? मी?

१ मार्च, शनिवार

सापडलं! सापडलं! आंघोळीच्या वेळी सापडलं. तसाच बाहेर येऊन लिहून ठेवतोय.

फॉर्ममध्ये अकरावा रकाना आहे, ‘मालाचे बाजारमूल्य’. आजवर मी तो मोकळा सोडत होतो. मी! आमच्या खात्यात रकाना मोकळा सोडणं म्हणजे पाप. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. आता बघा. कारखाना बंद. तंबाखू जगात कुठेही विकायला नाही. विकायला नाही म्हणजे बाजार नाही. बाजार नाही म्हणजे बाजारमूल्य नाही. ड्युटी लागते मूल्यावर. मूल्य निरंक, तर ड्युटी निरंक!

या मुद्द्याला तोड नाही. दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे आपल्या तंबाखूला किंमत नाही, असं तू लिहून देणार? म्हटलं, कागदावर रे, फक्त कागदावर. तो भिंतीकडे वळून झोपला. जेवण आज अर्धंच झालं त्याचं.

३ मार्च, सोमवार

अर्ज क्रमांक ४ दाखल. सात पानं, परिशिष्टं तीन. ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी जेवणाचे दोन डबे खाऊन (माझाही) टाइप करून दिला. समास अचूक, शाई काळी.

खिडकी चारने पहिल्यांदाच सगळी पानं वाचली. एक चूक काढता आली नाही. शेवटी म्हणाली, अकरावा रकाना नक्की ना? म्हटलं, नक्की. तिने परत विचारलं, ‘निरंक’च ठेवायचं? बघा, अजून खोडता येईल. मी म्हटलं, बाई, खाडाखोड माझ्या रक्तात नाही. तिने शिक्का मारला. घाबरली होती, स्पष्ट दिसत होतं.

७ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. मुदत उद्या संपते. बायको सकाळी हात जोडून म्हणाली की अहो, आज तरी चिठ्ठी द्या, मी जाऊन येते, तुमचं नाव येणार नाही. तिने आजवर माझ्यापुढे हात जोडलेले मला आठवत नाहीत.

दुपारी कपाट उघडलं. चिठ्ठी काढली. एकदा वाटलं, जाऊन भरून टाकावं. दादाचं मनगट आठवलं, परवा घड्याळ बांधताना तीन भोकं पुढे घ्यावं लागलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण मग सात पानांचं काय? अर्ज विचाराधीन असताना पैसे भरणं म्हणजे चूक आपली असं लेखी मान्य करणं. चिठ्ठी परत ठेवली. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

घरी सांगितलं, निकाल माझ्याच बाजूने लागणार. दादाने विचारलं, कधी. म्हटलं, आठवडाभरात. तो म्हणाला, आठवडा काढतो मी.

११ मार्च, मंगळवार

तयारी सुरू. पाइप दोन्ही धुऊन पुसून ठेवले, दादाचाही. जुन्या डब्यातली चहापत्ती टाकून दिली, डबा तीनदा घासला. पुढच्या खोलीत दादाच्या उशाशी एक छोटं स्टूल ठेवलं, डबा हाताशी असावा म्हणून. मेहुण्याला रविवारी जेवायला बोलावलंय. त्याचं तोंड बघायचंय.

१६ मार्च, रविवार

मेहुणा जेवून गेला. उत्तर नाही. त्याचं तोंड नेहमीसारखंच होतं.

१७ मार्च, सोमवार. दुपारी १२

पत्र आलं. ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं होतं. जिंकलो! शब्दशः उतरवून ठेवतो : ‘आपला युक्तिवाद पूर्णतः मान्य करण्यात येत आहे. सदर मालाचे बाजारमूल्य निरंक. देय शुल्क : निरंक.’

पूर्णतः! एवढ्या मोठ्या खात्याला मी एकट्याने गुडघे टेकायला लावले. टेबलावर उभा राहून वाचून दाखवलं. टायपिस्ट बाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना चहा सांगितला.

१२.२०

पत्राला मागची बाजू आहे.

‘निरंक मूल्याचा माल सुपूर्द करण्याची तरतूद नसल्याने, प्रचलित पद्धतीनुसार, तो दि. १४ रोजी भट्टीत जाळून नष्ट करण्यात आला आहे. कृपया नोंद घ्यावी.’

चूक शोधली. पुन्हापुन्हा शोधली. सही काळी, शिक्का सरळ, जावक क्रमांक जागच्या जागी. हे वाक्यही परकं नाही. दरवर्षी मार्चअखेर मोडक्या खुर्च्यांच्या यादीखाली मीच ते लिहितो. त्या बाईने दोनदा विचारलं होतं. दोनदा.

चहा आला. मी घेतला नाही.

संध्याकाळी ६.३०

घरी आधी पुढची बाजूच वाचली. मोठ्याने. बायकोने पत्र हातातून घेतलं आणि उलटं केलं. मग मागची बाजू ‘नष्ट’पर्यंत मोठ्याने वाचली आणि ती आत गेली. भांडली असती तर परवडलं असतं.

दादाने विचारलं, नष्ट म्हणजे? म्हटलं, जाळली. चारही डबे? चारही. आधी उघडले असतील का, की तसेच बंद टाकले? म्हटलं, उघडले असतील बहुतेक, पत्र्याचे असतात ना. मला वाटलं आता शिव्या देईल, मी तयारीतच होतो.

तो म्हणाला, मग त्या लोकांना त्या दिवशी काय सुरेख वास आला असेल रे.

आपण एक छदामही भरला नाही, हे त्याला सांगायचं राहिलं. नाही सांगितलं.