चित्राचा कोरा कोपरा

लंडन, ४ मे १८९१

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र पलंगावरून लिहितो आहे, म्हणून अक्षर तिरकं. एका चर्चच्या भिंतीवर देवदूत रंगवताना परांचीवरून खाली आलो. देवदूताचं काही बिघडलं नाही, माझी नडगी मोडली. डॉक्टर म्हणतात जून संपेपर्यंत हलायचं नाही, आणि मला तर एका जागी चहा प्यायचीही सवय नाही. डनिंग काल येऊन गेला. म्हणाला, की इतकी वर्षं एका चित्रापुढे बसलास, आता एका पलंगावर बसायला काय जातंय. साबणाच्या जाहिराती रंगवून त्याची जीभही साबणासारखी झाली आहे.

आता कामाचं. प्रीसच्या शेताच्या कुंपणाच्या चित्रात तू झालीस, तू बसलेली, कुंपण ओलांडायची लाकडी पायरी झाली, गवत, आभाळ झालं. उजवीकडचा वरचा कोपरा तेवढा कोरा आहे. तिथे कुंपणातल्या काटेरी हॉथॉर्नचा पांढरा फुलोरा यायचा आहे. गेल्या दोन्ही वर्षी मी तिथवर पोचलो आणि पावसानं फुलं झडली. हॉलिक म्हणतो, आठवणीनं चार ठिपके मार आणि मोकळा हो. चित्रकला शिकत असताना हॉलिक, डनिंग आणि मी, आम्ही तिघांनी शपथ घेतली होती, की डोळ्यांसमोर नाही ते कॅनव्हासवर घ्यायचं नाही. कल्पना हॉलिकचीच होती. आता तो धुकं रंगवतो, म्हणून ती त्याला अडचणीची वाटते.

पण मित्र जुना आहे. नव्या गॅलरीत त्यानं माझ्यासाठी चांगली, डोळ्यांच्या उंचीची जागा धरून ठेवली आहे, जूनच्या मध्यापर्यंत. हे चित्रही राहिलं तर मी स्वतःला चित्रकार म्हणवणार नाही. मेलबर्नच्या एका शाळेत चित्रकलेच्या मास्तराची जागा आहे, ती घेईन आणि ऑगस्टच्या बोटीनं जाईन. या वयात तिकडे गेलेला माणूस परत येत नाही, हे मलाही कळतं.

तेव्हा पायरीच्या उजव्या हाताचं झाड फुललं की त्याच्या फांद्या ओल्या शेवाळात, पत्र्याच्या डब्यात घालून रेल्वेनं पाठव. त्याच झाडाच्या. कुंपणाला हात लावू नको म्हणून प्रीसला तू हिवाळ्यात सांगितलं आहेसच.

माया असू दे, ती डॉक्टरांच्या पट्ट्यांपेक्षा लवकर लागू पडते.
तुझा दादा,
ॲम्ब्रोझ


लेडबरी, ७ मे

चि. लेटिस हिस,
अ. उ. आशीर्वाद.

दादाचं पत्र सोबत ठेवते आहे, वाचून परत कर. त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. मी प्रीसला सांगितलेलं नाही. जानेवारीत सांगणार होते, तर शाळेत परीक्षा आल्या. मग बर्फ पडला. मग दादानं विचारलं, तेव्हा उद्या सांगूच असं धरून मी हो लिहून टाकलं. तो उद्या आलाच नाही.

फेब्रुवारीत प्रीसनं ते कुंपण पाडलं. इकडच्या रीतीनं पाडलं, म्हणजे प्रत्येक बुंध्याला अर्धी चीर देऊन झाड आडवं केलं आणि खुंटांमध्ये विणलं. काल जाऊन पाहिलं. पानं जेमतेम आहेत, कळी एक नाही. प्रीस म्हणाला, की बाई, कुंपण म्हातारं झालं होतं, प्रवचन लांबलं की चर्चमधून पुरुष सटकतात तशा त्याच्या खालून मेंढ्या सटकायच्या. आणि वर मलाच विचारलं, की तुमचे बंधू दोन वर्षं त्याच्याकडे बघत बसले होते, एवढं बघून त्यांना त्यातली भोकं दिसली नाहीत का. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

तेव्हापासून जीव एका जागी ठरत नाही. आज खडू आणायला वर्गाबाहेर गेले आणि खडू हातातच होता. चर्चच्या रस्त्याला दुसरं हॉथॉर्न आहे, ते फुलायला आलं आहे. खरं लिहिलं तर दादा मेलबर्नला जाईल. त्या फांद्या पाठवल्या तर कदाचित राहील. पण हे मी त्याला थांबवायला करते आहे, की माझी चूक झाकायला? दोन्ही उत्तरं बरोबर येतात. गणितात असं झालं, की समजावं मधली एखादी पायरी चुकली आहे. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, आणि धाकट्या बहिणीला विचारते आहे.

मुलांना पापे. मला रागाव, पण पत्रानं लवकर रागाव.
तुझी ताई,
हेस्टर


ब्रिस्टल, ९ मे

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

फांद्या पाठव. कॉलेजात गेल्यापासून तुला वाटतं, की प्रत्येक गोष्टीला सिद्धता लागते. मी चार मुलं वाढवली आहेत. घर निम्म्याहून जास्त न सांगितलेल्या गोष्टींवर उभं असतं, एवढं मला विनाकॉलेज समजलं.

हॉथॉर्न ते हॉथॉर्न. पांढरं फूल, काटे आणि तो मेला वास. आमच्याकडचे म्हणाले, की मेलबर्नची हवा फार छान असते. मी म्हटलं, मग तुम्ही जा. दादा गेला तर सुट्टीत येऊन तुझ्या पुडिंगला नावं कोण ठेवणार? तू त्याच्यावाचून कशी राहशील ते मला माहीत आहे. तुला माहीत नाही, कारण त्याची सिद्धता तू अजून मांडलेली नाहीस.

फक्त डब्यात पश्चात्तापाची चिठ्ठी घालू नकोस. मी तुला ओळखते.

माझ्यावरची माया कमी करू नकोस, तशी ती तू दादालाच जास्त देतेस.
तुझी,
लेटिस


लेडबरी, २० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फांद्या पाठवते आहे. आज सकाळीच तोडल्या. वाटेत गुंता होऊ नये म्हणून देठांना माझ्या विणकामातली निळी लोकर बांधली आहे. आई म्हणायची तसं फुलं घरात घेऊ नकोस. तुझा विश्वास नाही हे माहीत आहे, पण एक पाय मोडलाच आहे, उगाच परीक्षा नको.

पायरी आहे तशीच आहे. प्रीस मजेत आहे. इकडे कोरडं आहे. दुसरा डबा चार दिवसांनी पाठवीन.

काळजी घे, आणि मला जशी समजतोस तशीच समजत राहा.
तुझी,
हेस्टर


लंडन, २३ मे

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आशीर्वाद.

डबा पोचला. घरमालकीण मिसेस टिडमार्श दारातच आडवी आली. म्हणाली, की हॉथॉर्न उंबऱ्याच्या आत आलं की घरातलं एक माणूस बाहेर जातं, आणि भाडं तर तुम्ही महिन्याचं दिलंय. शेवटी डनिंगनं मला खुर्चीसकट मागच्या अंगणात नेलं. वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये, पाय धुण्याच्या टबावर ठेवून मी बसलो आहे.

फुलं निरखली. भिंगानंही निरखली. मला दोन गोष्टी कळव. झाडाच्या बेचक्यात रेन पक्ष्याचं घरटं होतं, ते आहे का? आणि प्रीसच्या मेंढ्या अजून रस्त्यावर येतात का?

अजून ब्रश उचललेला नाही. हॉलिक येतो आणि घड्याळ बघतो.

तुझ्या पत्राची वाट पाहणं हेच सध्या माझं चालणं-फिरणं.
ॲम्ब्रोझ


लेडबरी, २५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरटं दिसलं नाही. मेंढ्या आता शेतातच असतात.

हे पत्र चारदा फाडून पाचव्यांदा लिहिलं आहे. आणखी काही विचारू नकोस. म्हणजे विचार, तुझा हक्क आहे, पण चित्र पुरं करून विचार. दुसरा डबा पाठवला आहे. त्यालाही तीच लोकर आहे.

आज लोभ मागायला धीर होत नाही.
हेस्टर


लंडन, १२ जून

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आशीर्वाद.

चित्र पुरं होऊन काल गॅलरीत गेलं. आधी हे सांगतो, कारण उरलेलं वाचताना तू मधेच उठून येरझारा घालशील.

प्रीसच्या त्या झाडाच्या फुलात मधोमध दोन बारीक हिरव्या काड्या असतात. तू पाठवलेल्या फुलांत एकच आहे. दोन वसंत मी दुसरं काही पाहिलेलं नाही, त्यामुळे हे झाड दुसरं, हे डबा उघडला तेव्हाच कळलं. कुंपण गेलं हे मेंढ्यांवरून कळलं. दोन दिवस मी मिसेस टिडमार्शवर विनाकारण ओरडलो. मेलबर्नला होकार लिहून लिफाफा बंद केला. तू फसवलंस याचा राग नव्हता. तुलाही वाटलं, की मला फसवलं तरच माझ्या हातून चित्र होईल, याचा होता.

मग तुझा दुसरा डबा आला. मला पुन्हा अंगणात नेलं. पहिल्या डब्यातली फुलं तपकिरी पडली होती, लोकर तेवढी ताजी. गाठ पाहिली. तू पाच वर्षांची असताना बुटाची नाडी बांधायला मी शिकवली होती, तीच दुहेरी गाठ. तेव्हाही तू ती भलतीच घट्ट ओढायचीस. शपथ काय होती? डोळ्यांसमोर नाही ते घ्यायचं नाही. डोळ्यांसमोर प्रीसचं झाड नव्हतं. दुसऱ्याच झाडाची एक फांदी होती आणि तिला तुझी गाठ होती. मी तेच रंगवलं. एका काडीची फुलं, आणि निळी लोकर, गाठीसकट. चित्रात तू पायरीवर बसली आहेस, आणि तुझ्या डोक्यावर कुंपणाला कोणीतरी परकी फांदी बांधून ठेवली आहे.

हॉलिक चित्रापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, की हा दोरा कशाला ते मला समजत नाही, पण ही बाई आतापर्यंत नुसती बसली होती, आता तिच्या मनात काहीतरी आहे. डनिंग म्हणाला, की लोकरीच्या दुकानदाराला दाखव. मेलबर्नचा लिफाफा मिसेस टिडमार्शनं चूल पेटवायला नेला. मी तिला हाक मारली नाही.

धीर होत नसला तरी लोभ मागत जा. तो इथे शिल्लक आहे.
तुझा दादा,
ॲम्ब्रोझ


लेडबरी, ५ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

क्षमेची तीन पानं लिहून ठेवली आहेत. ती पाठवत नाही, तू आलास की वाचून दाखवीन, तुझी सुटका नाही. लेटिसला सगळं कळवलं. तिचं म्हणणं, की फुलांच्या काड्या मोजणाऱ्या माणसाच्या घरात खोटं बोलणं म्हणजे पैसे देऊन पकडून घेणं.

चित्राचा फोटो मिळाला. आज चर्च सुटल्यावर प्रीसला दाखवला. त्यानं तो हात लांब करून पाहिला. म्हणाला, की मेंढ्यांची भोकं बरोबर काढली आहेत, म्हणजे साहेबांना दिसत होती तर. कुंपणाला नवे कोंब वीतभर आले आहेत, तेही बघायला या म्हणावं. मग त्याचं बोट वर गेलं. फोटोत लोकर काळी दिसते. त्यानं विचारलं, की हॉथॉर्नला दोरा बांधणारा हा शहाणा कोण. त्याची बायको होती, पाद्रीबाई होत्या, माझ्या वर्गातल्या दोन मुली होत्या. मी म्हणाले, की मी.

तुझी,
हेस्टर