पप्पांचं इंग्रजी गेलं

प्रिय तेरेज,

तू काळजीत असशील म्हणून आधीच सांगते, पप्पा ठीक आहेत. उजवा हात अजून जड आहे, चमचा डाव्या हातात धरतात आणि निम्मं सूप सदऱ्यावर सांडतात, पण जेवणावरची वासना गेलेली नाही. झटक्याने नेलं ते त्यांचं इंग्रजी. डॉक्टर म्हणतात परत येईल, कदाचित नाहीही येणार.

हॉस्पिटलात नर्सला वाटलं, म्हातारा भ्रमात बरळतोय. तिने मला बाजूला घेऊन धीर दिला. आत जाऊन ऐकते तर हे पूर्ण शुद्धीवर, आमच्या मायदेशच्या खणखणीत बास्क भाषेत तक्रार करताहेत, की या सुपात लसूण नाही, असलं पाणी मी मेंढरांनाही पाजलं नसतं. मी तिथेच खुर्चीत बसून हसले, मग रडले. नर्सला सगळं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी ती बिचारी घरून लसूण घेऊन आली.

आता घरी सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू असतो. दुपारी गानिश आणि हॉटेलात राहणारे दोघं म्हातारे मेंढपाळ पत्त्यांचा, मुसचा डाव मांडायला येतात. या खेळात जोडीदाराला आपले पत्ते तोंडाच्या खुणांनी कळवायचे असतात, आणि गानिश यांचा जोडीदार. काल तो वैतागून यांना म्हणाला, "बेत्री, तुझं तोंड असं वाकडं झालंय की खूण कुठली आणि आजार कुठला तेच कळत नाही." हे इतके हसले की पत्ते हातातून पडले.

तू एकदा म्हणाली होतीस, पप्पांना माझ्याशी बोलायला काही नसतंच. तुला तसं वाटणारच. इंग्रजीत त्यांच्याजवळ होतंच काय? जेवलीस का, दार लाव, गाडी जपून चालव. हा एवढा गप्पिष्ट माणूस तुझ्या वाट्याला आलाच नाही. तू पाळण्यात असतानाच त्यांनी ठरवलं होतं, की मुलीच्या कानावर इंग्रजीच पडलं पाहिजे. मी भांडले, अबोला धरला, पण यांनी कारण कधी सांगितलं नाही. ते गेल्या आठवड्यात ओसरीवर बसल्या बसल्या सांगितलं.

त्यांचा थोरला भाऊ मानेश पोटाच्या दुखण्याने गेला, एवढंच मला ठाऊक होतं. दोघं नुकतेच या देशात आलेले, डोंगरात मेंढ्या राखत होते. मानेशला कळा सुरू झाल्या तसं यांनी त्याला खेचरावर बांधून खाली सडकेपर्यंत आणलं. एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला होता, पुन्हापुन्हा विचारत होता. यांनी पोटाकडे हात केला. त्याला वाटलं, पोरं उपाशी आहेत. त्याने पाव दिला, घेवड्याचा डबा दिला, पाठीवर थाप मारली आणि गेला. दुसरी गाडी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. मानेश वाटेतच गेला.

"तो माणूस वाईट नव्हता गं," हे मला म्हणाले. "त्याने विचारलं, मला सांगता आलं नाही. माझ्या पोरीवर ती वेळ येऊ द्यायची नव्हती."

शिकागोत तू वर्गात उभी राहून मुलांना शिकवतेस, हे ते गानिशला का सारखं सांगत असतात, ते तेव्हा कळलं.

आणि आता रविवारच्या फोनचं. तुला वाटलं, पप्पा काहीतरी असंबद्ध बडबडताहेत, म्हणून तू रडत फोन ठेवलास. पोरी, ते तुला विचारत होते, तिकडे थंडी पडली का, जाड कोट घेतलास का, वर्गातली पोरं फार छळतात का. म्हणत होते, बर्फाने रस्ते बंद व्हायच्या आत ये, मटण मीच करीन, तुझी आई लसूण घालायला कंजूषपणा करते. तू इंग्रजीत "मला कळत नाही" म्हणालीस, ते त्यांना कळलं नाही. फोन हातात तसाच धरून त्यांनी मला विचारलं, "ती काय म्हणाली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "येते म्हणाली." तेव्हापासून ते मला रोज त्यांची दाढी करायला लावतात. तेवढं मला खोटं पाडू नकोस.

वाट बघणारी,
तुझीच आई
ग्राशियाना