पदराच्या गाठीतल्या गोळ्या

माय,

काल माजलगावात बोलले. समोर ऊसतोडीला निघालेल्या बाया होत्या. कारखान्यावर तुटून पडले, मुकादमावर तुटून पडले. टोळीत पाणी पोचायच्या आधी दुखण्याच्या गोळ्या पोचतात, माझी आई त्यांनीच गेली, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून बोचतायत.

अजून डोळ्यांसमोर येतं: आपल्या पाचटाच्या झोपडीसमोर, कोपीसमोर, चूल पेटली आहे, नुकतं उजाडतंय. तू पदराची गाठ सोडतेस आणि कोऱ्या चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळतेस. पोटात भाकरीचा तुकडा नाही. शेजारची काकू ओरडते, "कावून गं, आज एकच? कंबर माहेरी गेली व्हय?" तू हसतेस. "मोळी डोक्यावर आली की येतीय माघारी!" मग दिवसभर तू पाणी पीत नाहीस, कारण प्यालीस तर आडोसा शोधावा लागतो, आणि तोडलेल्या फडात आडोसा कुठला, चहूकडे गडीमाणसं. ऊन, घाम, कोरडा घसा आणि आत ती गोळी. सांजेला हात ठणकले की दुसऱ्या रंगाच्या पाकिटातली. पाकीट वेगळं म्हणजे औषध वेगळं, ही तुझी समजूत. दोन्हीत औषध एकच होतं. पाय सुजले तेव्हा चालून सुजले म्हणून आणखी एक घेतलीस.

बीडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मलाच झापलं. "शिकलेल्या ना तुम्ही? ही गोळी जेवून घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, दोन-तीन दिवसांत दुखणं थांबलं नाही तर दाखवायला यायचं. यांनी वर्षानुवर्षं फुटाण्यासारख्या खाल्ल्यात. किडन्या गेल्यात." तू खाटेवरूनच म्हणालीस, "तिला कावून बोलता साहेब? गोळीमुळं तर मी उभी हाय." तेव्हा तू उभी राहू शकत नव्हतीस.

मुकादमानं गोळ्या दिल्या, हे खरं आहे. पण पहिल्या त्याच्या नव्हत्या. नोकरी लागल्यावरच्या दिवाळीत, तू टोळीबरोबर निघायच्या आधी, मी तुला लुगडं आणलं आणि त्याच पिशवीत गेवराईच्या मेडिकलमधून गोळ्यांचा अख्खा डबा. तू तो साऱ्या कोप्यांमधून मिरवलास, "माझ्या लेकीनं आणला." त्यातल्या संपल्यावर मुकादमाच्या सुरू झाल्या. ढीगभर पुस्तकं वाचणाऱ्या मला पाकिटावरच्या चार बारीक ओळी वाचायला सुचलं नाही. तुला नुसतं "जेवून घे" एवढंही म्हणाले नाही.

काल सभेनंतर एक बाई जवळ आली. पदराची गाठ सोडून तिनं गोळी दाखवली. "ताई, ही तरी चालंल का?" उपाशीपोटी नको, फडात पाणी न पिता तर नकोच, दोन पाकिटं एकदम नकोत, पाय सुजले किंवा लघवी कमी झाली तर लगेच बंद कर आणि दवाखाना गाठ, सगळं सांगितलं. तिनं गाठ पुन्हा बांधली आणि विचारलं, "तुमच्या मायला ह्या कुणी दिल्या हुत्या?"

"मुकादमानं," मी म्हणाले.

हा कागद कुठं टाकणार? घडी करून तुझ्या लुगड्यात ठेवते. तुला वाचता येत नव्हतं, माय, म्हणूनच इतकं खरं लिहायची हिंमत झाली.