शिनो कधी हसत नाही

ग्योतोकु, रविवार सकाळ

प्रिय सरोआत्या,

पार्सलमधलं पुस्तक तू एव्हाना उघडलं असशील, आणि उलटं बांधलंय म्हणून छापणाऱ्याला चार शब्द सुनावलेही असशील. ते उलटं नाही. जपानी पुस्तक असंच असतं. आपलं जिथे संपतं तिथे यांचं सुरू होतं. पान उजवीकडून डावीकडे वाचायचं, चित्रांच्या चौकटीही उजवीकडून बघत यायचं. पात्रांच्या बोलण्याच्या प्रत्येक फुग्याखाली मी बारीक पेन्सिलीने मराठी लिहिलं आहे, तेव्हा चष्मा लावून बस. मुखपृष्ठावर कपाळाला आठी घालून बसलेली जी बाई आहे, तिच्या पायाशी जपानी अक्षरांत लिहिलंय ते माझं नाव. आपल्या घरातल्या कुणाचं नाव पुस्तकावर येण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते नेमकं तुला न येणाऱ्या लिपीत आलं. म्हणून त्याच्याही खाली पेन्सिलीने 'अश्लेषा' लिहून ठेवलंय.

बाबा सांगत होते की तू माझ्यावर रागावली आहेस. 'पोरगी शिकली आणि आता परदेशात माझं सोंग काढून लोकांना हसवते,' असं म्हणालीस म्हणे. मी फोन केला की तू पोळ्या लाटत असतेस. सकाळी केला तरी पोळ्या, दुपारी केला तरी पोळ्या. एवढ्या पोळ्या फलटणात खातं कोण, असं मी बाबांना विचारलं तर ते नुसते खोकले. म्हणून पत्र लिहायला बसले. कितीही राग असला तरी आलेलं पत्र तू वाचल्याशिवाय ठेवत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

आधी एक सांगते. या पुस्तकाला इथे कुणी हसलेलं नाही. इथे चित्रकथा फक्त पोरं वाचत नाहीत, टाय लावलेली माणसं गाडीत उभ्याउभ्या वाचतात. माझ्या गोष्टीतली बाई शिनो. ती उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावात राहते आणि मेलेल्या माणसांना बोलावते. या देशाच्या उत्तरेला अशा बायका खरोखरच होत्या, काही अजूनही आहेत. हातात लांब माळ घेऊन बसतात, आणि लोक त्यांच्यासमोर आपल्या गेलेल्या माणसांशी बोलून घेतात. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी हे ग्रंथालयात वाचलं आणि एकटीच हसले. परक्या गावात अचानक आपल्या गल्लीतलं कुणी भेटावं तसं वाटलं.

पण शिनोचे नियम उत्तरेकडचे नाहीत, फलटणचे आहेत. उपाशी माणसाला ती समोर बसू देत नाही. हरवलेल्या वस्तूबद्दल विचारू देत नाही. उठल्यावर वाटेत कुणाशी गप्पा न मारता थेट घरी जायचं आणि अर्धं राहिलेलं काम हातात घ्यायचं, असं बजावते. जिवंतांना ओरडते तशी मेलेल्यांनाही ओरडते. एक म्हातारा तीनतीनदा हाक मारूनही येत नाही, तेव्हा ती म्हणते, 'जिवंत होतास तेव्हाही बायकोला ताटकळत ठेवायचास, आता तरी वेळेवर ये.' हे वाक्य कुणाचं आहे ते तुला कळेलच. मी दाराआड बसून ऐकलं होतं.

शुक्रवारी तुझ्या अंगात देवी यायची आणि मधल्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसायची, ते सगळं मला चौकट न् चौकट दिसतं. कोळकीची ती बाई नवरा गेल्यावर आली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तू तिला पहिला प्रश्न विचारलास, सकाळपासून पोटात काय गेलंय. काहीच नाही म्हणाल्यावर देवीला थांबवून तिला झुणका-भाकरी वाढलीस आणि म्हणालीस, 'उपाशी माणसाला सगळेच आवाज ऐकू येतात. जेव, मग नवऱ्याचा ओळखता येईल.' तापाने फणफणलेलं मूल कुणी आणलं तर देवी अंगात येण्याआधीच तुझा आवाज चढायचा, की दुपारच्या आत डॉक्टरला दाखव, नाहीतर पुन्हा या दारात दिसू नकोस.

मी कॉलेजात गेले, विज्ञान शिकले, आणि घरी येऊन तुझ्याशी वाद घालायला लागले. अंगात येणं मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. तू कधी वाद घातला नाहीस. 'तू तुझं शिक, मी माझं बघते,' एवढंच म्हणायचीस. पण बारावीनंतर माझं लग्न उरकायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, आठवतं? मोठे काका स्थळ घेऊन आले होते. त्या दिवशी तू भरल्या खोलीत केस मोकळे सोडून घुमायला लागलीस आणि म्हणालीस, 'या घरातली पोरगी शिकेल. जो आडवा येईल त्याने माझ्या डोळ्याला डोळा भिडवावा.' काका चहाही न घेता गेले. आपल्या घरातली पहिली पदवी त्या दिवशी मिळाली, विद्यापीठाने कागद नंतर दिला. तेव्हा देवी बोलली की तू, हे मी तुला कधी विचारलेलं नाही.

असो. नोकरी माझी तीच आहे, कावासाकीच्या कंपनीत, संगणकासमोर. गोष्ट मी सुट्टीच्या दिवशी काढत होते. इथल्या एका मासिकाने नव्या लोकांकडून कथा मागवल्या, त्यात मी शिनो पाठवली आणि मला संपादक म्हणून मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडच्या मोरिताबाई, मिळाल्या. चाळिशीच्या आहेत. बोलणं मऊ आणि लाल पेन कडक. त्यांना चित्रं आवडली, पण शिनो आवडेना. 'अश्लेषा-सान, वाचकाला नायिका हवी असते, शाळेची मुख्याध्यापिका नको,' म्हणाल्या. तिला थोडी तरुण करा, एखादं गोड मांजर द्या, निदान प्रकरणाच्या शेवटी तरी हसवा. मासिकात जागा एकच होती आणि तिच्यासाठी पुष्कळ जण रांगेत होते. मी मांजर काढून पाहिलं. शिनोने त्याला एकदा पाहिलं आणि ते मांजर पुन्हा त्या पानावर बसेना. मग मी मोरिता-सानना सांगितलं की ती हसणार नाही. जागा गेली तर गेली. त्यांनी मान तुकवली आणि म्हणाल्या, संपादकांच्या बैठकीत हिच्या बाजूने बोलायला मला एक तरी पान द्या, जिथे ही बाई आतून कशी आहे ते दिसेल.

इथे पक्की चित्रं काढण्याआधी संपूर्ण गोष्टीचा कच्चा आराखडा पेन्सिलीने काढून संपादकाला दाखवतात. सगळं त्यावर ठरतं. ते एक पान मी आठवडाभर काढत होते. जाता-येता गाडीत डोक्यात तेच. पान असं होतं: एक शाळकरी मुलगी शिनोकडे येते आणि म्हणते, माझ्या आईला बोलाव. खाली तीन चौकटी. पहिलीत शिनो दिव्याजवळ माळ घेऊन बसली आहे, डोळे भरलेत. दुसरीत ती तोंड फिरवते, स्वतःला सावरते. तिसरीत मुलीला सांगते, 'ती येणार नाही. दप्तर उचल, शाळेत जा.' म्हणजे आधी गलबलून येतं आणि मग ती कठोर होते.

पान दाखवायला मी टोकियोत त्यांच्या कचेरीजवळच्या कॉफीच्या दुकानात गेले. मोरिता-साननी पान पुढ्यात घेऊन वाचलं. मग चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, 'मुलीला हाकलून दिलं, आणि ती गेल्यावर दार लावून हिने तिच्या आईला एकटीनेच बोलावलं. मुलीला ते कळूसुद्धा दिलं नाही. अश्लेषा-सान, ही बाई मला कळली.'

मला काही समजेना. मी असं काही काढलंच नव्हतं. मग पानाकडे पाहिलं आणि कानशिलं गरम झाली. बाकीची सगळी पानं मी इथल्या रीतीने उजवीकडून काढली होती. या एका पानावर मात्र, ते मराठीत सुचलं म्हणून असेल, माझा हात डावीकडून चालत गेला होता. मोरिता-साननी ते त्यांच्या सवयीने उजवीकडून वाचलं. आधी 'दप्तर उचल, शाळेत जा.' मग तोंड फिरवणं. आणि शेवटी दिवा, माळ, भरलेले डोळे, आणि खोलीत दुसरं कुणी नाही.

चूक झाली म्हणून सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांना म्हणाले, हो, असंच आहे.

बैठक झाली त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या जिन्यात फोन घेतला. मोरिता-सान एरवी इतकं हळू बोलतात की फोन कानात खुपसावा लागतो. त्या दिवशी जिन्यातल्या दोघांनी वळून पाहिलं. ते पान हातोहात फिरलं, म्हणाल्या, आणि मुख्य संपादक मांजराचं नावही काढू शकले नाहीत. शिनोला जागा मिळाली. वाचक दर अंकाला आपल्या आवडीच्या गोष्टी कळवतात आणि जी तळाला जाते ती बंद होते. आपली शिनो पहिल्या अंकात मधे होती, मग वर सरकली, आणि आता तिचं पुस्तक झालंय, तेही दुसऱ्यांदा छापायला गेलंय. ग्योतोकुच्या स्टेशनाजवळच्या दुकानात ती दारातच मांडली आहे, जाणाऱ्या-येणाऱ्याकडे डोळे वटारून. माझ्या शेजारच्या नेत्राताईंची अपूर्वा नऊ वर्षांची आहे, मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. तिने पुस्तक एका बैठकीत संपवलं. मी विचारलं, ही मावशी फार रागावते ना गं? तर पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, 'रागावते, पण जेवायला देते.' माझ्या पुस्तकावर याहून चांगलं कुणी काही लिहिलेलं नाही. एका आजोबांनी मासिकाला पत्र पाठवलंय की बायको गेल्यापासून ते जेवण टाळत होते, आता शिनोच्या धाकाने दोन्ही वेळ जेवतात. तुझा धाक बघ कुठवर पोचला, आत्या. हे सोंग असेल तर मला असलं सोंग जन्मभर काढायचं आहे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. दप्तर घेऊन उभी असलेली ती मुलगी कोण, ते तुला सांगायला नको. आई गेल्यावर मी तुझ्यासमोर बसले होते आणि तू म्हणालीस, ती येणार नाही, शाळेत जा. मला वाटायचं, तुला ते जमलं नसेल. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. मी घरी आले तर मधल्या खोलीचं दार लावलेलं होतं. शुक्रवार नव्हता, तरी उदाचा वास होता. आणि संध्याकाळी तू वरणफळं केलीस, लसणाशिवाय, गूळ घालून, आई करायची अगदी तशी. गोड वरण तू कधी तोंडालाही लावत नाहीस. तुला कसं कळलं, असं मी विचारलं तर म्हणालीस, 'गुपचूप जेव.' हे सगळं इतकी वर्षं माझ्याकडे सुटंसुटं पडून होतं. कॉफीच्या दुकानात एका परक्या बाईने माझं चुकलेलं पान तिच्या बाजूने वाचलं तेव्हा ते एका ओळीत लागलं. आई आली होती की नाही, हे मला विचारायचं नाही. तू दार लावून बसली होतीस, मला तेवढं पुरे. त्या पानाचा कोपरा मी दुमडून ठेवलाय. उजवीकडून वाच. दिवाळीला येते आहे. माझ्यासाठी वरणफळं कर, गूळ घालून. मी काही विचारणार नाही. गुपचूप जेवेन.

दप्तर उचलून निघालेली,
तुझीच
अश्लेषा